हरवलेले आवाज, जपलेल्या तबकड्या

घराची साफसफाई निघाली की माळ्यावरचे जुने सामान खाली येते. पितळेचे भांडे असेल तर ते बाजूला ठेवले जाते, कारण त्याची किंमत आपल्याला ठाऊक असते. जुन्या कॅसेटी, मोडका टेपरेकॉर्डर, चरे पडलेली एखादी रेकॉर्ड मात्र सरळ भंगारवाल्याच्या गाडीवर जाते. किलोच्या भावाने चार पैसे हातात पडतात आणि घर मोकळे झाल्याचे समाधान वाटते. आम्हीही वर्षानुवर्षे हेच केले. त्यात आमचे काय गेले, ते या लेखाच्या शेवटी सांगू.

वाचकहो, आज आम्ही तुम्हाला एका वेगळ्या छंदाची ओळख करून देणार आहोत. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांनी घडवलेल्या जाझ संगीताच्या जुन्या तबकड्या जमवणे आणि ऐकणे, हा तो छंद. कोणी म्हणेल, हा तर श्रीमंतांचा शौक! आपल्यासारख्या कष्टकऱ्यांच्या घरात त्याचे काय काम? हा प्रश्न रास्त आहे. फक्त तो लेख वाचून संपल्यावर पुन्हा एकदा विचारावा, एवढीच आमची विनंती.

आम्हाला ही गोडी लागली ती आमच्या चाळीतल्या एका निवृत्त रेल्वे कामगारामुळे. त्यांच्या खोलीत एक चावीचा ग्रामोफोन आणि पत्र्याच्या पेटीत पंचवीस-तीस काळ्या तबकड्या होत्या. एका रविवारी त्यांनी चावी भरली, सुई टेकवली. आधी पत्र्यावर पाऊस पडावा तशी खरखर आली आणि त्या खरखरीतून एक पितळी वाद्य असे काही उसळून वर आले की आम्ही हातातला चहा खाली ठेवला. "हा लुई आर्मस्ट्राँग," ते म्हणाले. "लहानपणी कोळशाच्या गाडीवर काम करायचा."

बँडपार्टीतून जन्मलेले संगीत

अमेरिकेच्या दक्षिणेला न्यू ऑर्लिन्स नावाचे बंदर आहे. १८६५ साली अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपली. पण अपमान संपला नाही. शाळा वेगळी, गाडीतली जागा वेगळी, पाणी पिण्याचा नळसुद्धा वेगळा. अशा शहरात गोदीत हमाली करणारे, विड्यांसारख्या सिगार वळणारे, भिंतींना गिलावा करणारे लोक संध्याकाळी वाद्ये हातात घेत. त्यांच्या बँडपार्ट्या लग्नात वाजत, मिरवणुकीत वाजत आणि अंत्ययात्रेतही वाजत. प्रेत नेताना संथ, दुःखाचे सूर. परतताना मात्र नाचायला लावणारे. या वाजवण्यातून जाझ जन्मले. त्यात चाल ठरलेली असते, पण वाजवणारा तिथल्या तिथे आपल्या मनाची भर घालीत जातो. आपल्याकडचा गायक एकच ओळ दहा वेळा दहा प्रकारांनी फिरवतो, तसेच हे.

१९०० च्या सुमाराला या शहरात बडी बोल्डेन नावाचा कॉर्नेटवादक होता. कॉर्नेट म्हणजे लहान आकाराचा ट्रम्पेट. त्याच्या वाद्याचा आवाज फार लांबवर जाई, असे त्याला ऐकलेली माणसे पुढे आयुष्यभर सांगत राहिली. १९०७ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकले आणि १९३१ साली तिथेच तो मेला. ज्याला लोक जाझचा पहिला राजा म्हणतात, त्या बोल्डेनचे एक धूसर छायाचित्र उरले आहे. त्याच्या वादनाची एकही तबकडी आज उपलब्ध नाही. संगीत सगळ्या जगात गेले, पण राजाचा आवाज कायमचा गेला.

आणि पहिली जाझ तबकडी कोणाची निघाली? १९१७ च्या फेब्रुवारी महिन्यात न्यू यॉर्कमध्ये मुद्रित झालेली, एका गोऱ्या वाद्यवृंदाची! ज्यांनी हे संगीत घडवले ते बाहेरच उभे राहिले.

तबकडीत आपल्याकडची लाख

पुढची हकीकत सांगण्यापूर्वी तबकडी म्हणजे काय, ते पाहू. आज ज्याला विनाइल म्हणतात ती लवचिक तबकडी १९४८ नंतर सर्वत्र आली. ती मिनिटाला ३३ फेरे घेते आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक वाजते. त्याआधीची तबकडी जड, ठिसूळ आणि मिनिटाला ७८ फेरे घेणारी. तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. ही जुनी तबकडी बनत असे लाखेपासून. लाखेत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून तापलेल्या साच्यात ती दाबली जाई.

ही लाख यायची कोठून? मुख्यतः आपल्या देशातून! पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचा किडा वाढतो आणि आपल्या अंगाभोवती राळेचे कवच करतो. छोटा नागपूरच्या रानात आदिवासी बायाबापड्या त्या फांद्या तोडत, खरवडत. मग ती लाख धुऊन, वितळवून, पातळ पत्रे करून बोटीने परदेशी जाई. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातून होणारी वाहतूक धोक्यात आली तेव्हा, १९४२ साली, अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर मोठी कपात लादली. नवी तबकडी हवी तर जुनी आणून द्या, असे दुकानदार सांगू लागले. त्या जुन्या तबकड्या दळून पुन्हा साच्यात गेल्या. किती आवाज त्या दळणात गेले असतील, कोण मोजणार?

म्हणून आम्ही म्हणतो, शिकागोच्या काळ्या कामगाराचा सूर ज्या तबकडीत बंद झाला, तिच्यात आपल्याकडच्या रानातल्या बाईच्या हाताचे कष्टही होते. दोघांचेही नाव कंपनीच्या मालकांच्या वहीत मोठ्या अक्षरांत नव्हते, इतकेच.

एक डॉलरची तबकडी आणि रेल्वेतले हमाल

काळे लोक गरीब, ते तबकड्या कशाला विकत घेतील, असे कंपन्या समजत. पेरी ब्रॅडफर्ड नावाच्या कृष्णवर्णीय गीतकाराने ओके कंपनीचे दार पुन्हा पुन्हा ठोठावले. अखेर १० ऑगस्ट १९२० रोजी मॅमी स्मिथ या गायिकेचे 'क्रेझी ब्लूज' न्यू यॉर्कमध्ये मुद्रित झाले. तबकडीची किंमत एक डॉलर. मोलकरणीला ही रक्कम थोडी नव्हती. तरी ती हजारोंनी खपली. लोकांना आपला आवाज विकत घ्यायचा होता!

दक्षिणेतल्या खेड्यांत दुकाने कोठून असणार? तिथे ही तबकडी पोहोचवली पुलमन रेल्वेडब्यांतल्या काळ्या हमालांनी. शिकागोत थोड्या विकत घ्यायच्या, सामानात ठेवायच्या आणि दूरच्या स्टेशनांवर आपल्या माणसांना विकायच्या. 'शिकागो डिफेंडर' हे काळ्या लोकांचे साप्ताहिकही याच हमालांच्या हातून गावोगाव जाई आणि त्याच्या पानांवर या तबकड्यांच्या जाहिराती असत. साप्ताहिक आणि गाणे एकाच पिशवीतून वस्तीत येत होते.

धंदा दिसताच कंपन्या धावल्या. त्यांनी काळ्या गिऱ्हाइकांसाठी वेगळ्या क्रमांकांच्या मालिका काढल्या आणि त्यांना 'रेस रेकॉर्ड्स' म्हटले. म्हणजे तबकडीसुद्धा वेगळ्या वस्तीत! आज संग्राहक जुन्या तबकडीचे लेबल पाहतो तेव्हा त्या क्रमांकावरून त्याला कळते, की ही कोणाच्या दुकानासाठी काढली होती. ओके कंपनीचा ८००० पासूनचा क्रमांक, पॅरामाउंटचा १२००० पासूनचा. हे आकडे नसून भिंती आहेत.

काळा हंस

१९२१ साली हॅरी पेस या कृष्णवर्णीय गृहस्थाने हार्लेममधल्या आपल्या घरातून स्वतःची तबकडी कंपनी सुरू केली. नाव 'ब्लॅक स्वॉन', म्हणजे काळा हंस. गुलामीच्या काळातल्या एलिझाबेथ ग्रीनफिल्ड या गायिकेला लोक याच नावाने ओळखत. तिच्या स्मरणार्थ हे नाव. कंपनीच्या संचालकांत डॉ. ड्यू बॉईस होते. हेच ते थोर विचारवंत, ज्यांना १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिले होते. एथेल वॉटर्सच्या तबकड्यांनी कंपनीला हात दिला. भांडवल आपले, गायिका आपली, वादक आपले! केवढा अभिमान वाटला असेल लोकांना.

परंतु खरी गोष्ट लपवू नये. पेस हे शिकलेले, प्रतिष्ठा जपणारे गृहस्थ. बेसी स्मिथ नावाची एक गायिका त्यांच्या कंपनीत आवाज ऐकवायला गेली. लहानपणी रस्त्यावर गाऊन पोट भरलेली, भरदार आवाजाची, गावरान बोलीची बाई. तिला त्यांनी घेतले नाही. १९२३ साली कोलंबिया या मोठ्या कंपनीने तिला घेतले आणि तिच्या तबकड्या लाखोंनी खपल्या. आपल्याच माणसाचा आवाज आपल्याच माणसाला ओबडधोबड वाटला! रेडिओ आला, विक्री घसरली आणि काळा हंस तीन वर्षांतच थकला. १९२४ साली त्याच्या तबकड्या पॅरामाउंटच्या हाती गेल्या. ही पॅरामाउंट मुळात विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीची. ग्रामोफोनच्या पेट्या खपाव्यात म्हणून ती तबकड्या काढू लागली होती!

बेसीला तरी काय मिळाले? गाण्याच्या प्रत्येक बाजूला ठरलेली रक्कम. तबकडी कितीही खपो, त्या खपावर तिचा हक्क नाही. १९३७ साली मोटार अपघातात ती गेली. तेहतीस वर्षे तिच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. १९७० साली तो बसवला गेला. त्याचा खर्च दोघींनी केला. एक गोरी गायिका जॅनिस जॉप्लिन आणि दुसरी ह्वानिटा ग्रीन. ही ह्वानिटा लहानपणी बेसीच्या घरी घरकाम करीत असे.

भोंग्यापासून पंधरा फूट

आता आमच्या आवडत्या तबकडीकडे येऊ. १९२३ च्या एप्रिल महिन्यात किंग ऑलिव्हर यांचा वाद्यवृंद शिकागोहून इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी गेला. तिथे एका पियानो कारखान्याची जेनेट नावाची तबकडी शाखा होती. मुद्रणाची खोली रेल्वेच्या रुळांना लागून. गाडी आली की काम थांबवायचे! तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून एक भोंगा बाहेर आलेला असे आणि त्याच्यासमोर सर्वांनी दाटीवाटीने वाजवायचे. त्या वृंदात बावीस वर्षेही न भरलेला लुई आर्मस्ट्राँग होता. त्याचा सूर इतका जोरकस, की त्याला बाकीच्यांपासून पंधराएक फूट मागे उभे करावे लागले, अशी आठवण वृंदातली पियानोवादक लिल हार्डिन पुढे सांगत असे. 'चाइम्स ब्लूज' या तबकडीत त्याचे पहिले एकट्याचे वादन आहे.

आणि हेही ऐका. काळ्या लोकांचा द्वेष करणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या संघटनेची गाणीही पैसे घेऊन याच कारखान्याने दाबून दिली. एकाच साच्यातून द्वेषही निघाला आणि आर्मस्ट्राँगचा सूरही. आज शंभर वर्षांनी लोक त्यातले काय शोधत फिरतात, ते सांगायला नकोच.

लिल हार्डिनबद्दल आमच्या भगिनींनी मुद्दाम वाचावे. पुरुषांच्या बँडमध्ये पियानोवर बसणारी ही मुलगी शिकलेली होती, चाली लिहिणारी होती. १९२४ साली तिने लुईशी लग्न केले आणि त्याला सांगितले, दुसऱ्याच्या मागे दुय्यम वादक म्हणून राहू नकोस. १९२५ पासून 'हॉट फाइव्ह' या नावाने निघालेल्या लुईच्या ज्या तबकड्या जगभर वाखाणल्या गेल्या, त्यांतल्या सुरुवातीच्या तबकड्यांत पियानो लिलचाच आहे. पुढे दोघे वेगळे झाले. १९७१ साली लुई वारला. पुढच्याच महिन्यात, शिकागोत त्याच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात पियानो वाजवता वाजवता लिलने देह ठेवला.

मुंबईत, कोलकात्यात

हे सूर आपल्याकडेही आले. १९३५ साली लिऑन ॲबे यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. मागोमाग टेडी वेदरफर्ड हे पियानोवादक आले. शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलेले हे गृहस्थ पुढे कोलकात्याला गेले, तिथे त्यांच्या तबकड्या निघाल्या आणि १९४५ साली तिथेच कॉलऱ्याने त्यांचा अंत झाला. या मंडळींकडून गोव्याचे वादक शिकले. त्यांतले आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' नावाने गाजले. त्यांना मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या 'अलबेला'ची गाणी आपल्या आईवडिलांनी गुणगुणली, त्यांत चिक चॉकलेट यांचे वादन आहे. हॉटेलच्या आत आपल्याला कोणी बोलावले नव्हते. पण तो ठेका सिनेमाच्या पडद्यावरून वस्तीत आलाच.

तबकडी कोणी जपली?

मूळ धातूचे साचे कंपन्यांनी जपले असतील, असे वाटते ना? १९३० च्या मंदीत कंपन्या बुडाल्या. पॅरामाउंटच्या साच्यांपैकी कितीतरी भंगारात गेले. त्यामुळे अनेक गाणी आज केवळ कोणाच्या तरी घरी उरलेल्या एखाद-दुसऱ्या प्रतीमुळे ऐकता येतात. १९३० नंतर काही तरुण संग्राहक, बहुतेक गोरे, काळ्या वस्त्यांत दारोदार फिरून जुन्या तबकड्या चार-दोन सेंटांना विकत घेऊ लागले. त्यांनी जपल्या म्हणून त्या वाचल्या, हे मान्य केले पाहिजे. पण ज्या आजीने त्या विकल्या, तिच्या नातवंडांना पुढे तेच सूर दुसऱ्याच्या कपाटात जाऊन ऐकावे लागले, हेही तितकेच खरे.

लुई आर्मस्ट्राँग मात्र हुशार. न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात कामगार वस्तीतल्या साध्या घरात तो शेवटपर्यंत राहिला. तिथे त्याने आपल्या तबकड्या सांभाळल्या आणि टेपरेकॉर्डरवर गाणी, घरातल्या गप्पा, विनोद, आठवणी भरून ठेवल्या. अशी सहाशेहून अधिक फिती त्याने जमवल्या आणि त्यांच्या खोक्यांवर स्वतःच्या हाताने चित्रे चिकटवली. आज ते घर संग्रहालय आहे. बोल्डेनचे काय झाले, हे न्यू ऑर्लिन्सच्या या पोराला पक्के ठाऊक होते.

हौस असेल तर

मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, अजूनही जुन्या तबकड्या मिळतात. घेण्यापूर्वी तबकडी उजेडात तिरपी धरून पाहावी. बारीक चरे चालतात. नखाला लागणारी भेग चालत नाही. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नये, लाख विरघळते. किंचित ओलसर मऊ फडके फिरवून लगेच कोरडी करावी. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून लांब. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई विनाइलवर चुकूनही टेकवू नये. ती खाचच खरवडून टाकते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते, म्हणून तिला सुईही वेगळी लागते.

आणि पैसे नसतील तर? तरीही ऐकता येते. १९२३ पूर्वीची सर्व ध्वनिमुद्रणे अमेरिकेत १ जानेवारी २०२२ पासून सर्वांसाठी मोकळी झाली आहेत. मॅमी स्मिथ, बेसी, लुई हे सारे आज मोबाईलवर मिळतात. रात्री जेवणे झाल्यावर घरच्यांनी एकत्र बसून एक गाणे ऐकावे. पहिल्यांदा खरखरच ऐकू येईल. दुसऱ्यांदा ठेका कळेल. तिसऱ्यांदा माणूस ऐकू येईल.

आता आमची गोष्ट. आमच्या आत्याबाई जात्यावरच्या ओव्या गात. शाळा त्यांनी पाहिली नव्हती, पण एका बैठकीत शंभर ओव्या म्हणत. एका सुट्टीत आम्ही शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर आणून त्यांच्या दोन बाजू भरून घेतल्या. "माझा आवाज काय ठेवायचा, भाकरीच्या पिठासारखा भरडा," असे म्हणत त्या पदराआड हसल्या होत्या. ते हसूही कॅसेटवर आले होते. पुढे घरातल्या मुलांनी त्या कॅसेटवर सिनेमाची गाणी भरली. मुलांना काय बोलायचे? कॅसेटवर आम्ही साधे नावही लिहून ठेवले नव्हते. आत्याबाई गेल्यावर आम्ही ती लावली. सिनेमाचे गाणे संपल्यावर शेवटी अर्धे मिनिट उरले होते. त्यात फक्त जात्याची घरघर आहे.

ती कॅसेट आता आमच्या कपाटात आहे, नाव आणि तारीख लिहून. आमचा बोल्डेन आमच्याच घरात होता आणि आम्ही तो पुसला.

म्हणून वाचकहो, या रविवारी माळा काढाल तेव्हा एक करा. कॅसेट असो की रेकॉर्ड, भंगारवाल्याच्या हाती देण्यापूर्वी एकदा लावून ऐका. वस्तीतल्या गायन पार्टीचा आवाज असेल, आजोबांचा असेल, आजीचा असेल. मिळाला तर त्याची दुसरी प्रत करा, त्यावर नाव लिहा आणि एक प्रत भावंडांच्या घरी ठेवा. घरात म्हातारे माणूस असेल तर आजच समोर बसवून त्याला गायला, बोलायला सांगा. ते म्हणतील, माझा आवाज काय ठेवायचा? तरी ठेवा.